बे-लीफचें घर : लांकडांतील लेख

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख यांकडे आपली दृष्टि प्रथम वळते. परंतु ज्या कुळांनीं कागद फारसे राखले नाहींत, त्यांच्या जीवनक्रमाचा अस्सल पुरावा पुष्कळदां त्यांच्या राहत्या घराच्या तुळयांत व वाशांत सांपडतो. इंग्लंडांतील केंट परगण्यांत, चिडिंगस्टोन गांवाच्या शिवारांत, पूर्वीं असलेलें बे-लीफ नांवाचें शेतकऱ्याचें घर या दृष्टीनें परीक्षणीय आहे.

या घराची रचना अशी. मध्यें दोन खणांचें दालन. तें जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळें. दालनाच्या एका टोंकास समोरासमोर दोन दरवाजे व त्यांमधून आरपार वाट. तिच्यापलीकडे खाण्यापिण्याचे जिन्नस ठेवण्याच्या दोन कोठ्या व त्यांवर माडी. दुसऱ्या टोंकास घरधन्याची बैठकीची खोली व वर शेजघर. समोरून पाहतां टोंकांच्या माड्या पुढें झुकलेल्या व मधलें दालन मागें राहिलेलें दिसतें. छप्पर मात्र सर्वांवर एकच. केंट व ससेक्स यांमधील वील्ड नामक प्रदेशांत या घाटाचीं घरें विपुल असल्यामुळें त्यांस ‘वील्डन’ अशी संज्ञा आहे. सांगाडा ओकचा, भिंती कुडाच्या व मातीनें लिंपलेल्या, खिडक्यांस कांचेऐवजीं लांकडी गज व झडपा.

दालनाच्या भूमीवर उघडी आगटी पेटे. धुराडें नसल्यामुळें धूर छपरांत कोंडे व फटींतून हळूहळू बाहेर पडे. त्याची काजळी वाशांवर कायमची बसली. ही काजळी संशोधकास शिक्क्यासारखी उपयोगी आहे. ज्या जुन्या घराच्या आढ्याखालीं वासे काळे झालेले आढळतात, तें मूळचें मोकळ्या दालनाचें समजावें. मग त्याचा दर्शनी भाग मागाहून विटांनीं मढविलेला कां असेना.

कालनिर्णयास दुसरें साधन लांकडांतील वार्षिक वलयांचें. त्यावरून बे-लीफचें दालन व कोठ्यांची बाजू इ. स. १४०५ ते १४३० च्या दरम्यानची, तर घरधन्याची बाजू इ. स. १५०५ ते १५१० च्या सुमाराची ठरते. म्हणजे एकाच पोथींत दोन लेखकांचे हात असावे, त्याप्रमाणें एकाच छपराखालीं सुमारें शंभर वर्षांच्या अंतराचें काम नांदत आहे.

पुढें आगटीची जागा विटांच्या धुराड्यानें घेतली. धूर आवरला गेल्यावर दालनावरही माडी घालतां आली व घराचें अंतरंग पालटलें. एसेक्समधील रॅडविंटरचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यानें इ. स. १५७७ च्या आपल्या देशवर्णनांत, गांवच्या वृद्धांस धुराड्यांच्या वाढीचें नवल वाटत असल्याची नोंद केली आहे. इ. स. १६६२ ते १६८९ पर्यंत सरकारनें दर चुलीमागें सालिना दोन शिलिंग कर घेतला. त्याच्या याद्या आज घरांच्या अभ्यासास उपयोगी पडतात. हॉस्किन्स यांनीं इ. स. १९५३ त असें प्रतिपादिलें कीं, १५७० ते १६४० या काळांत धान्याचे भाव चढले, जुन्या कुळांचा खंड मात्र स्थिर राहिला, व त्या शिलकेंतून ग्रामीण इंग्लंडनें घरें नव्यानें बांधलीं. मॅचिन यांनीं इ. स. १९७७ त यावर आक्षेप घेतला; हें नवबांधणीचें काम प्रांतोप्रांतीं भिन्न काळीं झालें व १६४० नंतरही जोरानें चालू होतें, असें त्यांनीं दाखविलें. सारांश, एका ठरीव कालखंडावर विसंबून कोणत्याही घराची मिति सांगणें धोक्याचें आहे. प्रत्येक घर स्वतंत्रपणें तपासलें पाहिजे.

बाव बीच येथील जलाशयाच्या योजनेमुळें बे-लीफ इ. स. १९६८-६९ त उतरवावें लागलें, व ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयांत तें पुन्हां उभारलें गेलें. उभारतांना सुमारें १५४० चें रूप प्रमाण मानून नंतरचीं धुराडीं वगळण्यांत आलीं. संपादकानें एक पाठ स्वीकारून उत्तरकालीन भर गाळावी, तसाच हा प्रकार. त्यायोगें मोकळ्या दालनाचें दर्शन घडतें हें खरें; पण मागाहूनच्या शतकांतील कुळांचा संसार दृष्टीआड होतो. त्याच खोऱ्यांतून आणलेलें विंकहर्स्टचें घर प्रथम स्वतंत्र लहान घर म्हणून उभारलें होतें. पुढें तें मोठ्या घरास जोडलेलें स्वयंपाकघर असावें असा निर्णय होऊन इ. स. २००२ त तें त्या स्वरूपांत पुन्हां उभें राहिलें. म्हणजे लांकडाचें वाचनही सुधारावें लागतें.

पोथीच्या संपादकास पाठभेद तळटीपेंत देतां येतात. घरास तळटीप नसते. म्हणून घर उतरविण्यापूर्वीं घेतलेलीं मापें, नकाशे व छायाचित्रें हीं त्या घराइतकींच जपून ठेवण्याजोगीं आहेत. गाळलेल्या शतकांचा पुरावा तीं सांभाळतात, व नवा अर्थ सुचल्यास तो पडताळण्यास पुढील अभ्यासकांस त्यांचाच आधार राहतो.