काच आणि पत्रा यांच्यामध्ये

मोटारीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा इंजिनाचाच इतिहास सांगतो. वेग केव्हा वाढला, अश्वशक्ती किती झाली, कोणते पेटंट कोणाच्या नावावर नोंदले गेले, यांच्या याद्या तयार होतात. खिडकीच्या काचेभोवती बसविलेली काळी रबरी पट्टी आणि तिच्यावरची चकचकीत धातूची किनार यांची दखल मात्र क्वचितच कोणी घेतो. आपल्याकडील कारागीर या साऱ्याला सरसकट ‘बीडिंग’ म्हणतात. वास्तविक मोटार ही पावसापाण्यात स्वस्थ बसण्याजोगी खोली झाली, ती या पट्टीच्या आधाराने. आणि एखादी जुनी मोटार पूर्ववत् करावयास घेतली असता तिचा खरा इतिहास प्रथम दिसू लागतो, तोही ही पट्टी काढताना.

पट्टीची कथा रबरापासून सुरू होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. त्यामुळे फार काळ त्याचा उपयोग मर्यादितच राहिला. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर स्थिर करण्याची युक्ती सापडली. इंग्लंडात टॉमस हॅन्कॉक याने १८४३ साली त्याच प्रक्रियेच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि १८४४ साली गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे १८७६ साली हेन्री विकम याने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचविल्या. त्यांतून उगवलेल्या रोपांमुळे रबराची लागवड आशियात पसरली, आणि १९०२ साली केरळात पेरियार नदीच्या काठी, थट्टेकाड येथे, आपल्या देशातील व्यापारी लागवडीस प्रारंभ झाला.

तथापि आरंभीच्या मोटारीला या पट्टीची गरजच नव्हती. ती उघडी होती. पाऊस आला तर कापडी छप्पर ओढावयाचे आणि बाजूंना पडदे लावावयाचे, एवढीच सोय. अमेरिकेत १९१९ साली शंभरांपैकी सुमारे दहाच मोटारी बंदिस्त बांधणीच्या होत्या. १९२४ साली हे प्रमाण त्रेचाळीसवर गेले आणि १९२७ साली पंच्याऐंशीवर. अवघ्या आठ वर्षांत मोटारीची जातच बदलली. चालक व प्रवासी काचेच्या आड आले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. रस्त्यावर धावताना गाडीचा सांगाडा थोडा पिळवटतो. काच मात्र तसूभरही वाकत नाही. या दोघांना एकमेकांशी घट्ट जखडले तर काच तडकणार, आणि सैल सोडले तर पाणी, धूळ व वारा आत येणार. म्हणून दोघांच्यामध्ये तडजोड घडविणारा तिसरा पदार्थ हवा होता. तो रबराच्या रूपाने मिळाला.

काचही याच काळात बदलत होती. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक चंबू खाली पडला. चंबूच्या आत वाळून बसलेल्या सेल्युलोजच्या थरामुळे तो फुटूनही विखुरला नाही, अशी हकीकत सांगतात. त्यातून थरांच्या सुरक्षित काचेची कल्पना निघाली आणि १९०९ साली तिचे पेटंट झाले. १९३४ साली क्रायस्लर कंपनीच्या एका मोठ्या ‘एअरफ्लो’ मोटारीला समोरची काच प्रथमच अखंड आणि वक्र अशी बसविण्यात आली. सपाट काच चौकटीत सहज बसविता येते. वक्र काचेला मात्र वळणांबरोबर वळणारी, कोपऱ्यांशी न चुरगळणारी पट्टी लागते. शिल्पकारांनी मोटारीला जितका गोलवा दिला, तितके पट्टीचे काम अवघड झाले.

या पट्टीचा आडवा छेद घेऊन पाहिला तर तिची करामत कळते. तिला एका बाजूस खाच असते, ती पत्र्याची कड पकडते. दुसऱ्या बाजूस खाच असते, ती काच पकडते. पुष्कळ गाड्यांत दर्शनी भागी आणखी एक खाच असते आणि तिच्यात धातूची किनार दाबून बसविलेली असते. किनार केवळ शोभेची नव्हे. काही घडणींत ती पाचरीसारखी बसून रबराचे ओठ काचेवर घट्ट दाबते. दरवाज्यांच्या काचांची व्यवस्था वेगळी. तेथे काच खालीवर सरकते, म्हणून ती मखमली अस्तराच्या चॅनेलमधून चालते आणि खालच्या कडेस एक पट्टी तिला पुसत राहते. तरीही थोडे पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतेच. योजनाही तशीच असते. उतरलेले पाणी बाहेर जावे म्हणून दरवाज्याच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दरवाजा आतून गंजू लागतो.

रबर हे नाशवंत आहे. सूर्यप्रकाश आणि हवेतील ओझोन यांच्या माऱ्याने नैसर्गिक रबराला बारीक चिरा पडतात, आणि जेथे ते ताणलेले असते तेथे त्या आधी पडतात. म्हणूनच कोपरे प्रथम जातात. त्या चिरांतून शिरलेले पाणी पत्र्याच्या कडेवर साचून राहते. वरून रबर शाबूत दिसते, किनार चमकत असते, आणि आत गंज आपले काम करीत असतो. १९६० च्या दशकात ओझोनला दाद न देणारे ‘ईपीडीएम’ हे कृत्रिम रबर बाजारात आले. परंतु त्यापूर्वीच्या गाड्यांना ते भाग्य लाभलेले नव्हते.

आता पट्टी काढण्याविषयी. घाईत असलेला मनुष्य जाड पेचकस घेऊन किनारीखाली घालतो आणि उचकटतो. किनार वाकते, रंग खरवडतो आणि काचेच्या कडेवर जोर येतो. टणक केलेली काच मध्यभागी ठोसा सोसते, पण कडेवरचा घाव सोसत नाही. क्षणात तिचा भुगा होतो. जाणता कारागीर आधी किनारीच्या जोडावरील लहान टोपण शोधतो, ते बाजूस सरकवितो, आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरीने किनार इंचाइंचाने सोडवितो. जेथे किनार क्लिपांनी पत्र्यावर बसविलेली असते, तेथे प्रत्येक क्लिपेची जागा तो टिपून ठेवतो. रबर कडक झाले असेल तर ते ओढण्याचा हट्ट तो धरीत नाही. रबर नवे मिळू शकते, काच व किनार मिळतीलच असे नाही; म्हणून तो रबराचा बाहेरचा ओठ सुरीने कापून टाकतो. मग एकाने आतून कोपऱ्याशी तळहाताने हळूहळू रेटावे आणि दुसऱ्याने बाहेरून काच झेलावी.

परत बसविण्याची रीतही याच शहाणपणाची आहे. नवे रबर काचेला चढवितात, त्याच्या मोकळ्या खाचेत सभोवार दोरी घालतात, साबणाचे पाणी लावतात आणि काच चौकटीवर टेकवितात. आतून दोरी ओढीत गेले की रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर आपोआप चढतो. येथे बळाचे काम थोडे आणि क्रमाचे फार.

परंतु काढणे आणि बसविणे यांच्यामध्ये जो थोडा काळ मिळतो, तोच इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचा वाटावा. जुन्या गाडीला पुन्हा रंग देताना बहुतेक ठिकाणी रबर काढीत नाहीत. त्यावर कागद चिकटवून रंग मारतात. त्यामुळे पट्टीखालच्या बोटभर जागेत कारखान्यातला मूळ रंग उन्हापासून लपून राहतो. त्याच्या कडेने पुढच्या रंगांचे थर एकावर एक दिसतात. कोठे अपघातानंतर लांबी भरली, कोठे पत्रा बदलला, हेही तेथेच कळते. मालकाच्या आठवणीपेक्षा ही कड अधिक खरे सांगते. घासकागद फिरविण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेतली नाहीत, तर तो पुरावा कायमचा नाहीसा होतो.

हा प्रश्न आपल्या देशात आज अधिक निकडीचा झाला आहे. मुंबईत १९२८ साली जनरल मोटर्सने गाड्या जोडण्यास आरंभ केला आणि १९५४ साली तो व्यवसाय आटोपला. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथे, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीवरून, अँबेसेडर बनविली. ती २०१४ सालापर्यंत बनत होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीतळांवरून अखेर दिसेनाशी झाली. गाड्या उरल्या आणि त्या घडविणाऱ्या कारखान्यांतली ती कामे थांबली. २०२१ साली केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते, मात्र ती मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. मूळ स्वरूप म्हणजे काय, याचे उत्तर कागदपत्रांत थोडे आणि गाडीच्या अंगावर पुष्कळ असते.

म्हणून जुने रबर कापून काढल्यावरही त्याचा वीतभर तुकडा जपून ठेवावा. त्याच्या छेदावरून नवा साचा करता येतो, आणि पुढे कधी नव्या पट्टीविषयी शंका निघालीच, तर ताडून पाहण्यास तो हाताशी असतो. वेड्यावाकड्या झालेल्या किनारीसुद्धा भंगारात टाकू नयेत. गंजरोधक पोलादाची किनार सावकाश ठोकून सरळ करता येते. मंदिराच्या जीर्णोद्धारात उतरविलेल्या दगडांवर खुणा करून ठेवण्याची जी दक्षता घ्यावी लागते, तीच या कामात हवी. काच आणि पत्रा यांच्यामधली ही पट्टी गाडीच्या आयुष्यात एकदा तरी बदलावीच लागते. ती बदलताना तिच्याखाली काय होते हे लिहून ठेवणे, एवढे काम मात्र ज्याने ती काढली त्याच्याच हातचे आहे.