सर्पगंधा आणि खाजकुइली

पावसाळा सरून कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा धरल्या, की एखादा व्रात्य मुलगा शेजाऱ्याच्या सदऱ्यात तिची लव टाकणारच. त्याचा कान पिरगाळण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले. पण त्याच शेंगेच्या बीमध्ये मनुष्याच्या गोठलेल्या हातापायांना चालना देणारे द्रव्य दडलेले आहे, हे मला फार उशिरा कळले.

ही हकीकत मात्र दुसऱ्याच वनस्पतीपासून सुरू होते. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांच्या जुन्या परिचयाची. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा कोठे पाश्चात्त्यांची नजर तिच्यावर खिळली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. आर्व्हिड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते सशांना टोचले. ससे बसल्या जागी दगड झाले! मग त्याने त्यांना डोपा नावाचे द्रव्य दिले, आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून हिंडू लागले. हे १९५७ साली प्रसिद्ध झाले. रेसरपीनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिता केला होता. डोपापासून मेंदूने तो पुन्हा भरला.

हेच डोपा मद्रासेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून १९३७ सालीच काढले होते. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत.)

१९६० साली व्हिएन्नात कंपवाताच्या मृत रोग्यांचे मेंदू तपासले, तो हालचालीचे नियमन करणाऱ्या भागात डोपामिन जवळजवळ आटलेले! पुढच्याच वर्षी तेथे रोग्यांना डोपा टोचले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालली. काही तासांपुरतीच, पण चालली.

आता गंमत पाहा. १९५४ साली माँट्रियल येथे ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर ती दांडी पुनःपुन्हा दाबतच राहिला. या ओढीच्या वाटेवरही डोपामिनच काम करते, हे पुढे उमगले. मेंदूच्या मध्यभागातून निघणाऱ्या या दोन वाटा अगदी शेजारशेजारच्या: एक पाऊल उचलते, दुसरी हाव जागवते.

म्हणूनच डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेताना काही रोग्यांना जुगाराचा नाद लागतो. थरथरणारा हात स्थिर होतो आणि पत्ते पिसू लागतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणी यांची बुद्धी फिरली. डॉक्टरांनी औषध बदलले, की पुष्कळांचा नाद सुटतो; कधी मात्र त्याबरोबर कंपही परततो.