चंदू चॅम्पियन

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील हिंदी चरित्रपट. दिग्दर्शक कबीर खान. निर्माते साजिद नाडियादवाला व कबीर खान. प्रदर्शन १४ जून २०२४.

पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मी. मुक्तशैली शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला या स्पर्धेतील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

पटकथेत कुस्ती, मुष्टियुद्ध आणि जलतरण असे तीन टप्पे येतात. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) कांस्यपदक पटकावणाऱ्या खाशाबा जाधव यांचा सत्कार पाहून छोटा मुरली आखाड्याकडे वळतो. मुष्टियोद्ध्याचे पदलालित्य, बचाव व ठोसे आणि पुढे निव्वळ हातांच्या बळावर पोहणे, हे सारे एकाच नटाला आत्मसात करावे लागले. त्यासाठी नायक कार्तिक आर्यन याने दीर्घकाळ प्रशिक्षण घेऊन शरीरातील चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणली. युद्धप्रसंग काश्मीरच्या आरू खोऱ्यात सुमारे आठ मिनिटांच्या सलग दृश्यात चित्रित झाला. प्रशिक्षक टायगर अलीची भूमिका विजय राज यांनी केली; संगीत प्रीतम यांचे आहे.

दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या एका थोर खेळाडूचे कर्तृत्व देशभर पोहोचविणे, हे या चित्रपटाचे मोठे श्रेय होय.