गेम कन्सोलवरील आंतरजाल न्याहाळणी

दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरल्या जाणाऱ्या गृह व्हिडिओ गेम कन्सोलवर न्याहाळक, म्हणजेच ब्राउझर, चालवून संकेतस्थळे पाहणे याला गेम कन्सोलवरील आंतरजाल न्याहाळणी असे म्हणतात. ही सोय १९९६ च्या सुमारास बाजारात आली, २००६ नंतरच्या काही वर्षांत बहुतेक प्रमुख कन्सोलांत पोहोचली आणि पुढे मागे पडली. तिच्यामागील कल्पना साधी होती. ज्या घरात संगणक नाही पण दूरचित्रवाणी संच आहे, त्या घरातही आंतरजाल यावे. जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत अशी घरे पुष्कळ होती. तरीही ही सोय तेथे रुजली नाही. जोडणी आणि किंमत ही त्याची उघड कारणे होत. लिपीच्या कारणाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

इतिहास

अमेरिकेतील ॲपल आणि जपानमधील बंदाई या कंपन्यांनी मिळून १९९६ मध्ये आणलेला पिपिन हा आंतरजालाशी जोडता येणाऱ्या आरंभीच्या कन्सोलांपैकी एक होय. तो फारसा विकला गेला नाही. त्याच वर्षी सेगा कंपनीने आपल्या सॅटर्न या कन्सोलसाठी अमेरिकेत नेटलिंक नावाचा मोडेम काढला. तो कन्सोलच्या कॅसेटच्या खाचेत बसत असे व दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाने माहिती आणत असे.

सेगाच्याच ड्रीमकास्टने (जपानमध्ये नोव्हेंबर १९९८, अमेरिकेत सप्टेंबर १९९९) मोडेम यंत्राबरोबरच दिला. न्याहाळक मात्र वेगळ्या तबकडीवर मिळे. आंतरजाल पाहायचे असेल तर खेळाची तबकडी काढून न्याहाळकाची घालावी लागे, आणि आवडीच्या पानांचे पत्ते नियंत्रकात बसणाऱ्या छोट्या स्मृतिपत्रावर साठवावे लागत. कळफलक निराळा विकत घ्यावा लागे. २००१ मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादन थांबले.

निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठी नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने न्याहाळक तयार केला. त्याची चाचणी आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये व पूर्ण आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. वीचा रिमोट पडद्याकडे रोखला की तेथे बाण उमटे आणि दुव्यावर नेमके बोट ठेवल्यासारखे होई. या युक्तीने कन्सोलवरील न्याहाळणी माऊसच्या बरीच जवळ गेली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये न्याहाळक २००६ पासूनच अंतर्भूत होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर इंटरनेट एक्सप्लोरर ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, तोही सशुल्क सदस्यांपुरता. ही अट २०१४ मध्ये काढण्यात आली.

२०१२ च्या वी यू या कन्सोलच्या न्याहाळकात एक गमतीदार सोय होती. वापरकर्ता हातातील छोट्या पडद्यावर पान शोधत असताना मोठ्या पडद्यावर चित्रातला पडदा ओढून ठेवता येई, आणि हवे ते सापडल्यावर तो उघडता येई. बैठकीच्या खोलीतील न्याहाळणी ही सगळ्या घरादेखत होणारी गोष्ट आहे, हे या एका सोयीवरून कळते.

पडदा आणि वाचन

संगणकाचा पडदा हातभर अंतरावरून, तर दूरचित्रवाणी संच खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिला जातो. जुन्या काचेच्या संचांत बारीक अक्षरे थरथरत आणि चित्राची कड चौकटीआड जात असल्याने पानाच्या टोकाचे शब्द दिसतच नसत. म्हणून कन्सोलचे न्याहाळक मजकूर मोठा करून दाखवत व पान तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकवत. टंकलेखन तर आणखी कष्टाचे. पडद्यावर मांडलेल्या अक्षरांच्या जाळीतून एकेक अक्षर निवडत जावे लागे. पाहणे जमे, लिहिणे क्वचितच. त्यामुळे कन्सोलवरील आंतरजाल हे बहुतांशी वाचकाचे व प्रेक्षकाचेच राहिले.

देवनागरीचा प्रश्न

१९९० च्या दशकात व त्यानंतरही काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा खास टंक वापरीत. तो टंक संगणकात उतरवून घेतला नाही तर पानावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. संगणकावर हा उपाय करता येई. कन्सोलवर वापरकर्त्याला नवा टंक बसवण्याची वाटच नव्हती.

युनिकोडमुळे अक्षरांचे क्रमांक सर्वत्र एक झाले, पण तेवढ्याने भागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो. तो कागदावर लिहितो तसा दाखवण्याचे काम यंत्राला करावे लागते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, परंतु लिहिली जाते व्यंजनाच्या आधी. जोडाक्षरांत पहिल्या व्यंजनाचा दंड गळतो किंवा आकारच बदलतो. हे नियम ठाऊक नसलेला न्याहाळक अक्षरे साठवल्या क्रमाने नुसती ओळीने मांडतो.

खानदेशातील स्थळनामे याचे चांगले उदाहरण आहेत. ‘जळगाव’ आणि ‘धुळे’ ही नावे अशा न्याहाळकातही जवळजवळ ठीक वाचता येतील, कारण त्यांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर ही नावेही निभावून जातील. पण त्यांच्यापुढे ‘जिल्हा’ शब्द आला की वेलांटी ‘ज’च्या मागे लोंबकळते आणि ‘ल’चा पाय मोडलेला दिसतो. शिरपूर, शिंदखेडा, साक्री, मुक्ताईनगर यांची हीच गत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१८ मध्ये नामविस्तार झालेल्या जळगावच्या विद्यापीठाचे नाव ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे आहे. त्यात या लिपीच्या बहुतेक अडचणी एकत्र आल्या आहेत. एकट्या ‘महाराष्ट्र’ शब्दात तीन व्यंजनांचे जोडाक्षर आहे. अहिराणी बोलीही देवनागरीतच लिहिली जात असल्याने तिचा प्रश्न निराळा नाही.

लिहिण्याची अडचण याहून मोठी होती. प्लेस्टेशन ३ ला साधा यूएसबी कळफलक जोडता येई, पण तिच्या भाषांच्या यादीत मराठी वा हिंदी नव्हती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारखे संकेतस्थळ कन्सोलवर उघडले, तरी तेथे देवनागरीत भर घालणे यंत्राच्या स्वतःच्या सोयींनी शक्य नव्हते.

भारत आणि खानदेश

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, आणि ती प्रथम महानगरांत आली. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ म्हणून ओळखला जाई, तो बहुधा जपानी कन्सोलची स्वस्त नक्कल असलेला, कॅसेट घालून चालणारा आठ-बिट संच असे. काही संच तर कळफलकाच्या आकाराचे असून त्यांवर टंकलेखनाचा सराव आणि थोडी बेसिक भाषाही शिकता येई. त्यांना मोडेम नव्हता. मुलांच्या हाती संगणकासारखे दिसणारे यंत्र होते, पण त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता.

ज्या कन्सोलांत न्याहाळक होता, ते भारतात अधिकृतपणे आले तेव्हा महाग होते. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ ची किंमत सुमारे चाळीस हजार रुपये होती. तेवढ्या पैशांत पूर्ण संगणक येत असे, आणि संगणकावर मराठी लिहिताही येई. दुसरी अट तारेची. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला व २००५ पासून बीएसएनएलची सेवा मिळू लागली, पण ती दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवर अवलंबून होती. शहरापासून दूरच्या गावांत तार असली तरी तेवढा वेग मिळेलच असे नसे. शिवाय त्याच वर्षांत महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन चालू होते. लॅपटॉप वा भ्रमणध्वनी बॅटरीवर चालतो. कन्सोल, मोडेम आणि दूरचित्रवाणी संच तिन्ही वीज जाताच एकदम बंद पडतात.

याच सुमारास वीचा न्याहाळक बनवणाऱ्या ऑपेराचाच ऑपेरा मिनी हा न्याहाळक साध्या भ्रमणध्वनींवर पसरला. तो पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर लहान करून मगच पाठवी. शिवाय किचकट लिप्यांचा मजकूर चित्ररूपात मागवण्याची सोय त्यात होती. त्यामुळे देवनागरीची जाण नसलेल्या भ्रमणध्वनीवरही मराठी पान शुद्ध दिसे. जे काम कन्सोलने करावे अशी अपेक्षा होती, ते त्याहून पुष्कळ स्वस्त यंत्राने केले. जळगावचे गोलाणी मार्केट आज संगणक आणि मोबाइलच्या दुकानांसाठी ओळखले जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त आंतरजाल हातातील पडद्यावर आले आणि न्याहाळणीसाठी कन्सोल घेण्याचे कारणच उरले नाही.

सद्यस्थिती

२०१७ चा निन्टेन्डो स्विच आणि २०२० चा प्लेस्टेशन ५ यांत वापरकर्त्यासाठी स्वतंत्र न्याहाळक दिलेला नाही. वाय-फायच्या प्रवेशपानासारख्या कामांपुरता तो आत दडलेला असतो. याला सुरक्षेचेही कारण असावे, कारण प्लेस्टेशन ४ व वी यू या दोहोंची कुलुपे तोडणाऱ्यांनी न्याहाळकातील त्रुटींचाच दरवाजा वापरला होता. एक्सबॉक्सने मात्र उलट वाट धरली. तेथे २०२१ मध्ये क्रोमियमवर आधारित एज न्याहाळक आला. या गाभ्याला देवनागरीची वेलांटी आणि जोडाक्षरे योग्य जागी मांडता येतात.