विश्वाचें वय

धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली आहे. तिच्यावर ना शक, ना संवत्. तरीहि ती सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींची असावी असें विद्वान् मानतात, आणि या अनुमानाचा एक मोठा आधार थेट इटलींत आहे. व्हेसूव्हियसच्या उद्रेकानें इ. स. ७९ मध्यें पाँपेई नगर राखेखालीं गाडलें गेलें. त्या नगरांत १९३८ सालीं भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ति निघाली, आणि तेरची मूर्ति तिच्याशीं पुष्कळच जुळते. रोमन व्यापारास ठाऊक असलेलें ‘तगर’ तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलेंच होतें.

ज्ञाताशीं साम्य पाहून अज्ञाताचा काल ठरवावयाचा, ही पुराणवस्तुसंशोधकाची युक्ति. विश्वाचें वय काढणारा ज्योतिर्विदहि याहून फार निराळें कांहीं करीत नाहीं. आणि तो फसतो तोहि नेमका तेथेंच.

सेफीड जातीचे तारे ठराविक मुदतीनें मंद व तेजस्वी होत असतात. मुदत जितकी लांब तितकें त्यांचें तेज अधिक, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीनें १९१२ सालीं प्रसिद्ध केला. खरें तेज कळलें कीं दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढतां येतें. याच ताऱ्यांच्या आधारें हबल यांनीं दूरच्या तारकाविश्वांचीं अंतरें मोजिलीं, आणि जें जितकें दूर तें तितक्या वेगानें दूर जात आहे, असें १९२९ सालीं दाखविलें. अंतराला वेगानें भागलें म्हणजे हा पसारा केव्हां सुरू झाला तें कळावें. उत्तर आलें सुमारें २०० कोटी वर्षें.

येथेंच घोटाळा झाला. नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या खडकावर उभा आहे, तो दख्खनचा लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांचा, म्हणजे तसा तरुणच. परंतु किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून होम्स यांनीं १९४६ च्या सुमारास पृथ्वीचें वय ३०० कोटींच्या घरांत नेलें, आणि १९५६ मध्यें पॅटरसन यांनीं तें ४५५ कोटी ठरविलें. लेंक आईहून वडील ठरली! (पुराणांतील ४३२ कोटी वर्षांचा कल्प या आंकड्याच्या जवळ येतो खरा, पण त्यामागें खडकाचें मोजमाप नाहीं, तेव्हां त्यास योगायोगच म्हणावें.)

विश्वाला आरंभच नाहीं, असें म्हणून हॉयल, बाँडी व गोल्ड यांनीं १९४८ सालीं हा पेंच सोडवूं पाहिला. कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर पुढें हॉयल यांचे शिष्य झाले. २०२५ मध्यें पुण्यांत निधन होईपर्यंत महास्फोटाविषयींची त्यांची शंका मावळली नाहीं. अशी शंका शास्त्राला उपकारकच होय.

खरी चूक मात्र ओळखींत होती. युद्धकाळीं लॉस एंजेलिसचे दिवे मालविलेले असतां वॉल्टर बाडे यांना शेजारच्या डोंगरावरून काळेंभोर आकाश लाभलें. ताऱ्यांचे दोन वर्ग आहेत, हें त्यांच्या ध्यानीं आलें. सेफीडहि दोन जातींचे निघाले, आणि हबल यांनीं त्यांना एकच समजलें होतें. १९५२ मध्यें अंतरें दुप्पट झालीं, तसें वयहि. पुढें १९५८ मध्यें सँडेज यांनीं दाखविलें कीं, हबल यांनीं तेजस्वी तारे समजलेल्या कित्येक वस्तु म्हणजे प्रकाशमान वायूचे मेघ होते. वय हजार कोटींच्या घरांत गेलें. लेंक पुन्हा धाकटी झाली.

१९६५ सालीं सर्व आकाशांतून येणारें मंद प्रारण सांपडलें, तेव्हां बहुतेक विद्वान् महास्फोटाच्या पक्षास गेले. त्याच प्रारणाचे बारीक चढउतार मोजून प्लँक उपग्रहानें वय सुमारें १३८० कोटी वर्षें दिलें. मात्र सेफीडांच्या वाटेनें मोजलेला प्रसरणाचा वेग या हिशेबापेक्षां सुमारें आठ टक्क्यांनीं अधिक भरतो. पुन्हा ओळखींतच कांहीं चुकलें आहे, कीं विश्वाविषयींची समजूतच अपुरी आहे, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.