दिनविशेष : १२ फेब्रुवारी – चित्रकार मागदा नाख्मान यांचे निधन (१९५१)

मूळच्या रशियन चित्रकार मागदा नाख्मान यांचे १२ फेब्रुवारी १९५१ रोजी मुंबईत निधन झाले. अवघ्या काही तासांनी त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन खुले व्हायचे होते. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८८९ साली ज्यू वडील आणि ल्युथरन आई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेचे धडे त्यांनी लेऑन बाक्स्त यांच्याकडे गिरवले. कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांचे त्यांनी रंगवलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. लंडनच्या ‘इंडिया हाउस’मधील सावरकरांचे सहकारी, क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य हे मागदा यांचे पती. बर्लिनमध्ये राहणाऱ्या या दांपत्याने हिटलर सत्तेवर आल्यानंतर ते शहर सोडून मुंबई गाठली. इथल्या सामान्य माणसांना मागदा यांनी आपुलकीने चित्रांत आणले. मुंबईचे कलाविश्व समृद्ध करणाऱ्या युरोपीय निर्वासितांमध्ये त्यांचे नाव आदराने घ्यायला हवे.