सरीसृपांच्या अंड्यांची उबवणी

सरीसृपांच्या अंड्यांची उबवणी म्हणजे साप, सरडे, घोरपड, कासव आदी प्राण्यांच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येईपर्यंतची विकासप्रक्रिया होय. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात नांगरट करताना, जुन्या भिंती पाडताना किंवा कडब्याची गंज हलवताना अशी अंडी आढळू शकतात. कुतूहलापोटी ती घरी उबवण्याचा प्रयत्न बहुधा गर्भाच्या मुळावर येतो आणि कायद्याचाही भंग ठरतो.

आढळ
नाग, धामण, मण्यार व दिवड या जाती अंडी घालतात. घोणस, फुरसे आणि मांडूळ यांची मादी मात्र थेट पिल्लांना जन्म देते. नागाची मादी उंदरांच्या बिळात अथवा वारुळात अंडी घालते व अनेकदा त्यांच्याजवळच थांबते. त्यामुळे अशा ठिकाणी हात घालणे धोक्याचे असते. घोरपडही वारुळाचा आश्रय घेते. वारुळात तापमान व ओलावा बराचसा स्थिर राहतो.

अंड्याची रचना
सापांच्या अंड्याचे कवच पक्ष्यांच्या अंड्याप्रमाणे ठिसूळ नसून चामड्यासारखे लवचिक असते. ते सभोवतालच्या मातीतील ओलावा शोषून घेते. कोरड्या जागी अंडे सुरकुतते, तर अतिओलाव्याने त्यावर बुरशी चढते. कोंबडी आपली अंडी वरचेवर फिरवते. सरीसृपांच्या बाबतीत मात्र गर्भ कवचाच्या आतील आवरणाला चिकटल्यानंतर अंडे उलटे झाल्यास तो दगावू शकतो.

उबवणीचा काळ
नागाची अंडी साधारणपणे दोन महिन्यांत फुटतात. घोरपडीच्या अंड्यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. पिल्लू थुथनावरील तात्पुरत्या अंडदंताने कवच चिरून बाहेर येते. नागाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. अनेक कासवांमध्ये व मगरींमध्ये पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते.

कायदा
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेत सरीसृपांच्या अंड्यांना इजा करणे, तसेच अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. घोरपडीला या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. अंडी आढळल्यास काम थांबवून ती होती तशीच झाकावीत आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, असा मार्ग उपलब्ध आहे. स्थलांतर अटळ असल्यास अंड्याची वरची बाजू मऊ पेन्सिलीने खुणावून ते त्याच स्थितीत हलवले जाते.

वेळास येथील प्रयोग
लोकसहभागातून झालेल्या उबवणीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (तालुका मंडणगड). तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थ व वन विभाग यांच्या साहाय्याने संवर्धन सुरू केले. घरट्यांतील अंडी काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर वाळूत पुरली जातात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडली जातात. येथे माणूस अंड्यांना ऊब देत नाही. ते काम वाळू व सूर्यच करतात. माणसाकडे उरते ती केवळ राखण.